वाळवंटात संगीत नसते
(प्रायश्चित्तकाळाचा पहिला रविवार)



दरवर्षी प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्याला एकाच ठिकाणी घेऊन जाते. उपासनेचे वर्ष अ असो, ब असो वा क असो. मत्तय, मार्क आणि लूक हे तिघेही आपल्याला अरण्यात परीक्षेला सामोरे जाणाऱ्या येशूजवळ उभे करतात. मराठी बायबलमध्ये त्या जागेसाठी 'अरण्य' किंवा 'रान' असे शब्द आले आहेत. हे शब्द कानावर पडले की, आपल्या वसईकरांच्या डोळ्यांपुढे तुंगारेश्वरचा डोंगर येतो. दाट झाडी, पावसाळ्यातले ओढे, पाखरांचा किलबिलाट! चाळीस दिवस तिथे राहायला मिळाले तर ती सहलच झाली, असेही कुणाला वाटेल.

प्रत्यक्षात यहूदियाचे अरण्य तसे नाही. जेरुसलेमच्या पूर्वेकडून मृत समुद्राकडे उतरत जाणारा तो उघडाबोडका, खडकाळ प्रदेश आहे. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून अधिक खाली आहे. पाऊस नावापुरता, झरा क्वचित आणि सावली शोधूनही सापडायची नाही. आपण ज्याला वाळवंट म्हणतो, तेच ते. प्रभू येशू तिथे गेला तो हवापालटासाठी नव्हे. पवित्र आत्म्याने त्याला तिथे नेले.

हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात आपल्या युवकांच्या मेळाव्यात एक जुनी फिल्म दाखवण्यात आली. तिचे नाव 'ग्रँड कॅन्यन'. वॉल्ट डिस्ने ह्यांच्या कंपनीने १९५८ साली ती काढली. दिग्दर्शक होते जेम्स अल्गार. सुमारे अर्ध्या तासाच्या ह्या लघुपटाला पुढल्याच वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातली ती प्रचंड दरी, सभोवतालचा कोरडा प्रदेश, तिथले जीवजंतू, बदलता उजेड, एवढेच त्यात आहे. निवेदक नाही, संवाद नाहीत. आहे ते केवळ वाद्यवृंदाचे संगीत.

हे संगीत फिल्मसाठी केलेले नव्हते. फर्डी ग्रोफे ह्या अमेरिकन संगीतकाराने ते आधीच रचले होते आणि १९३१ साली शिकागो शहरात ते पहिल्यांदा वाजवले गेले. त्याचे पाच भाग आहेत: सूर्योदय, रंगीत वाळवंट, पायवाटेवर, सूर्यास्त आणि ढगफुटी. तिसऱ्या भागात दरीत उतरणाऱ्या गाढवाच्या टापांचा आवाज येतो. तो काढण्यासाठी चक्क नारळाच्या करवंट्या वापरतात, हे ऐकून आपली मुले हसली. सामान्यतः चित्रपट आधी तयार होतो आणि संगीत मागाहून येते. इथे संगीत आधी होते आणि चित्रे त्याच्या चालीवर जोडली गेली.

फिल्म संपल्यावर एका मुलाने विचारले, "फादर, ह्यात कुणी काही बोलतच नाही. मग आम्ही समजायचं काय?"

प्रश्न चांगला आहे. एकोणिसावे स्तोत्र लिहिणाऱ्याला तो नक्की आवडला असता. आकाश देवाचा महिमा गाते, दिवस दिवसाला आणि रात्र रात्रीला निरोप देते, पण हे सारे शब्दांवाचून चालते, असे तो सांगतो. सृष्टीला भाषा लागत नाही, आपल्याला मात्र कान लागतात. हिब्रू भाषेत वाळवंटाला 'मिदबार' म्हणतात. ज्या अक्षरांनी हा शब्द लिहितात त्याच अक्षरांनी 'बोलणारा' हा शब्दही लिहिता येतो. जिथे काहीच नाही असे आपल्याला वाटते, तिथेच इस्राएल लोकांना देवाचा शब्द ऐकू आला. मोशेला जळते झुडूप दिसले ते रानात, आज्ञा मिळाल्या त्याही रानात. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात तर देव आपल्या रुसलेल्या प्रजेला पुन्हा वाळवंटात नेऊन तिच्याशी जिव्हाळ्याने बोलण्याची भाषा करतो.

आता त्या दरीकडे पाहू या. तिची लांबी ४४६ किलोमीटर आहे, काही ठिकाणी रुंदी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त आहे. कोलोरॅडो नदीने गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत ती कोरली, असे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात. तळाचे खडक तर सुमारे १७० ते १८० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांतल्या एका खडकाला शास्त्रज्ञांनी 'विष्णू' हे आपल्या देशातले नाव दिले आहे. एवढ्या काळापुढे आपली सत्तर-ऐंशी वर्षे ती काय! इमॅन्युएल कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९० साली लिहिलेल्या ग्रंथात ह्या अनुभवाला 'उदात्त' म्हटले आहे. अफाट गोष्टीपुढे आपले डोळे अपुरे पडतात, आपण किती लहान आहोत हे कळते. पण त्याच वेळी ते कळणारे मन आपल्यापाशी आहे, हेही उमगते. दगडाला आपले वय ठाऊक नसते. माणसाला ते ठाऊक असते. म्हणूनच माणूस गुडघे टेकू शकतो.

संत अगस्तीन ह्यांनी आपल्या 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथात पृथ्वीला, सागराला आणि वाऱ्याला देवाविषयी विचारल्याचे लिहिले आहे. प्रत्येकाचे उत्तर एकच होते: मी तुझा देव नव्हे, ज्याने मला घडवले त्याला शोध. निसर्गावरची चांगली फिल्म हेच काम करते. ती आपल्याला स्वतःजवळ थांबवून ठेवत नाही, पुढे पाठवते.

बंधू-भगिनींनो, इथवर सारे गोड आहे. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. पडद्यावरच्या वाळवंटात तहान लागत नाही. आपण पंख्याखाली बसलेले असतो, पाण्याची बाटली हाताशी असते. आणि कोणत्या क्षणी काय वाटून घ्यायचे ते संगीत आपल्याला सांगत असते. खऱ्या वाळवंटात संगीत नसते. तिथे कुणी आपल्यासाठी सूर धरत नाही. आपल्यापैकी अनेकांचे वडील, भाऊ, पती आखाती देशांत राबले आहेत. भर उन्हात बांधकामावर काम केलेल्या माणसाला विचारा, तो वाळवंटाचे वर्णन करताना सूर्योदयाचे कौतुक सांगत बसणार नाही. अ‍ॅरिझोनातल्या वाळवंटातही सरहद्द ओलांडू पाहणाऱ्या कितीतरी गरिबांनी पाण्यावाचून प्राण सोडले आहेत.

काही दिवसांपूर्वी एक मावशी मला भेटल्या. म्हणाल्या, "फादर, माझा पोरगा गेला तेव्हापासून रोझरी हातात घेते, पण आत काही हलत नाही. पूर्वी मिस्सात गाणं सुरू झालं की डोळे भरून यायचे. आता सगळं कोरडं. देव माझ्यावर रागावला आहे का?"

मी त्यांना जे सांगितले तेच तुम्हांला सांगतो. देव रागावलेला नाही. मावशींच्या श्रद्धेतले संगीत थांबले आहे, श्रद्धा थांबलेली नाही. काही वाटत नसतानाही ज्या हाताने रोझरी धरली आहे, तो हातच त्यांची प्रार्थना आहे. कोलकात्याच्या मदर तेरेसा ह्यांची खाजगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला. अनेक वर्षे त्यांनी आत अंधार सोसला होता आणि तरीही रोज पहाटे प्रार्थनेला बसून नंतर त्या गरिबांकडे जात होत्या. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. कोरडेपणा म्हणजे देवाची अनुपस्थिती नव्हे, हे ख्रिस्तसभेने ह्याहून स्पष्ट कसे सांगावे?

मत्तयच्या शुभवर्तमानातली तिसरी परीक्षा पाहा. सैतान येशूला एका अतिशय उंच डोंगरावर नेतो आणि जगातली सर्व राज्ये व त्यांचे वैभव दाखवतो. त्या दिवसांतले सर्वांत देखणे दृश्य सैतानाने दाखवलेले आहे! दृश्य वाईट नव्हते. वाईट होता तो त्यामागचा सौदा: क्रूस नको, तहान नको, केवळ हे सारे घे. आपल्या भक्तीलाही हाच मोह होतो. सणाची रोषणाई, गायनमंडळाचा सूर, फुलांनी भरलेली वेदी हे सारे देवासाठीच आहे आणि ते असावेच. परंतु आपण देवासाठी येतो की त्या वातावरणासाठी, हे संगीत थांबल्यावरच कळते.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. जिवाला घाबरून तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला प्रवचन दिले नाही. दूताकरवी आधी भाकर आणि पाणी दिले. पुढे होरेब डोंगरावर प्रचंड वारा सुटला, धरणीकंप झाला, अग्नी भडकला. परंतु देव त्यांत नव्हता. त्यानंतर आलेल्या अगदी हळुवार आवाजात तो भेटला. त्या आवाजाने एलियाला नेमके काम दिले आणि माघारी पाठवले. वाळवंटात कायमचे राहायचे नसते. तिथून आपल्या माणसांत परतायचे असते.

म्हणून ह्या चाळीस दिवसांसाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, रोज पंधरा मिनिटे मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवून शांत बसा. भक्तिगीतही लावू नका. सुरुवातीला अस्वस्थ वाटेल, मनात नाही नाही ते विचार येतील. येऊ द्या. येशूच्या चाळीस दिवसांतही परीक्षा आलीच होती. आपल्या चर्चमध्येही प्रायश्चित्तकाळाच्या रविवारी पवित्र कम्युनियननंतर काही वेळ गीत होणार नाही. गायनमंडळाने ह्याला आनंदाने संमती दिली आहे.

दुसरी, आपल्या आळीत कोण वाळवंटात आहे ते शोधा. मुले परदेशी गेलेली आणि मोठ्या घरात एकटे उरलेले आईवडील, दारूच्या व्यसनापायी विस्कटलेला संसार, नुकतेच माणूस गमावलेले घर. तिथे उपदेश करायला जाऊ नका. एलियाकडे आलेल्या दूतासारखे भाकर आणि पाणी घेऊन जा. जेवणाचा डबा आणि तासभर वेळ पुरे.

तिसरी, पाण्याची. ज्या कोलोरॅडो नदीने ती अजस्र दरी कोरली, त्या नदीचे पाणी शेती आणि शहरांसाठी इतके उपसले जाते की, बहुतेक वर्षी ती समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. डोंगर कापणारी नदी माणसाच्या हावेपुढे हरली. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले आहे. त्या घरातल्या आपल्या खोलीत, म्हणजे वसईत, बावखले बुजवून जमिनी विकल्या गेल्या. वाळवंट देवच निर्माण करतो असे नाही, ते आपणही करतो. ज्यांच्या वाडीत विहीर किंवा बावखल अजून शिल्लक आहे, त्यांनी ह्या काळात त्यातला गाळ आणि कचरा काढावा. हेदेखील प्रायश्चित्तच आहे.

ग्रोफेच्या संगीताचा शेवटचा भाग ढगफुटीचा आहे, हे मी वर सांगितले. कोरड्या भूमीवर अखेर पाऊस कोसळतो. आपल्या चाळीस दिवसांच्या शेवटी पास्काची रात्र आहे आणि त्या रात्री बाप्तिस्म्याचे पाणी आशीर्वादित केले जाते. पण पावसाची घाई करू नका. प्रभू येशूनेही चाळीस दिवसांतला एकही दिवस गाळला नाही. आज ज्यांना कोरडे वाटत आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की, त्या वाळवंटात आपल्याआधी तो जाऊन आलेला आहे आणि तिथली प्रत्येक वाट त्याला ठाऊक आहे.

प्रभू आपणा सर्वांना हा प्रायश्चित्तकाळ फलदायी करो.

आपला,
धर्मगुरू