विहारयात्रा आणि धर्मयात्रा

नाताळची धांदल ओसरली की आमच्या चर्चच्या सूचनाफलकावर एक कागद हमखास लागतो. 'एकदिवसीय सहल. पहाटे साडेतीन वाजता चर्चसमोरून बस सुटेल. चहा, न्याहारी व दुपारचे जेवण वर्गणीत समाविष्ट.' त्याखाली पाहावयाच्या स्थळांची यादी असते. ही यादी दरवर्षी लांबत चालली आहे, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली. मी नवा धर्मगुरू असताना एका सहलीला तीन-चार स्थळे पुरत. अलीकडच्या एका जानेवारीत आम्ही नाशिकला गेलो, तेव्हा यादीत अकरा स्थळे होती. ती यादी माझीच. वर्गणी तीच आणि स्थळे मात्र अकरा, याचा मला त्यावेळी थोडा अभिमानही वाटला होता.

सहलीत नैतिक प्रश्न तो कसला, असे कोणी विचारील. वर्षभर वाडी, गोठा, भाजीचे भारे आणि लोकलची गर्दी यांत पिचलेल्या माणसाने एक दिवस मोकळा श्वास घेतला तर त्यात धर्मगुरूने कशाला नाक खुपसावे? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि संत थॉमस अक्वायनस यांनाही तो मान्य झाला असता. शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनालाही लागते आणि मनाची विश्रांती म्हणजे खेळ व विरंगुळा, असे ते मानतात. त्यांच्या सद्गुणांच्या मांडणीत विनोदबुद्धीलाही मानाची जागा आहे. तेव्हा सहल हे पाप नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

तथापि याच थॉमस अक्वायनसांनी त्याच ग्रंथात अगदी शेजारीच एका दुर्गुणाचा विचार केला आहे. त्याला ते वाह्यात कुतूहल म्हणतात. डोळ्यांना सारखे काहीतरी नवे हवे असते; जे पाहिले त्याचे पुढे काय करायचे हे डोळे विचारीत नाहीत. ही जाण त्यांना संत ऑगस्टीनकडून मिळाली होती. ऑगस्टीन मोठे प्रामाणिक. शेतातून जाताना कुत्रा सशामागे धावताना दिसला की आपले मन चिंतन सोडून त्यामागे धावते, घरात बसलो असता कोळ्याने माशी पकडली तरी आपण तिकडेच बघत बसतो, अशी त्यांची कबुली आहे. गुरुविद्यालयात हे शिकताना आम्हाला हसू येई. सशाकडे बघण्यात कसले आले पाप? आज बसच्या खिडकीतून दर मिनिटाला एक छायाचित्र टिपणारी माणसे पाहिली, आणि त्यांत माझाही हात असतो, की ते हसू आठवते.

प्रश्न असा आहे : एखादे स्थळ नुसते पाहून पुढे जाण्यात काही गैर आहे काय? पाहिलेल्या वस्तूचे पाहणाऱ्यावर काही ऋण चढते काय?

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर आपल्या वसईच्या मातीतच सापडले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. (पुढे १९५६ साली आपल्या भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला, भुईगावकरांना हे ठाऊक असावे अशी आशा आहे.) सोपाऱ्याच्या तुकड्यावर अक्षरे थोडीच उरली आहेत, परंतु हा लेख गिरनार व अन्य ठिकाणीही कोरलेला असल्याने त्याचा पूर्ण आशय आपल्याला कळतो. आणि त्याचा विषय कोणता? सहल! पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात. त्यांत मृगया आणि तत्सम करमणुकी असत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाच्या स्थानी यात्रा केली आणि तेथून धर्मयात्रांना आरंभ झाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते याच्या पुढचे. धर्मयात्रेत काय करायचे याची यादी लेखात आहे. श्रमण व ब्राह्मण यांना भेटणे व दान देणे, वृद्धांना भेटणे व त्यांना मदत करणे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटणे आणि त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे. वास्तू, उद्याने, डोंगरकडे यांचा या यादीत उल्लेख नाही. यादी सगळी माणसांची आहे.

हे मला सहलीला निघण्यापूर्वी ठाऊक होते. किंबहुना पहाटे बस वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागली तेव्हा ध्वनिक्षेपक हातात घेऊन मी हेच सर्वांना सांगितले, जपमाळ झाली आणि अर्धी बस पुन्हा झोपली. ठाऊक असणे आणि वागणे यांतले अंतर किती असते, हे त्याच दिवशी संध्याकाळी कळायचे होते.

नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात मिस्सा झाली. तेथून आम्ही पंचवटीत आलो. काळाराम मंदिराच्या दारी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या दारातून आत जाण्यासाठी माणसांना एवढा लढा द्यावा लागला, त्या दारासाठी माझ्या वेळापत्रकात बारा मिनिटे होती आणि त्यांतली सात चपला काढण्या-घालण्यात गेली.

पुढचे स्थळ नारोशंकराचे मंदिर. गोदेच्या काठी १७४७ साली बांधलेल्या या मंदिराच्या कोटावर नदीकडे तोंड करून एक मोठी काशाची घंटा टांगली आहे. नाशिकचा माणूस तिला पुराचे माप मानतो. पाणी घंटेला लागले म्हणजे पूर मोठा. परंतु तिच्यावरची अक्षरे पोर्तुगीज आहेत आणि वर्ष आहे १७२१. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा कोट जिंकला, तेव्हा चर्चच्या मनोऱ्यांतील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलुखात गेल्या. त्यांतली ही एक. वाईजवळच्या मेणवलीलाही एक आहे.

माझ्यासोबतच्या बावन्न माणसांपैकी बहुतेकांनी घंटेखाली उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. एक तरुण मात्र माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. "फादर, ही आपली घंटा. आपण ती परत मागायला नको का?"

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "बसमध्ये बोलू. चल."

त्या मुलाला द्यावयाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. लुटीत आलेली पवित्र वस्तू ही लुटीतच आली आहे; विजय कोणाचाही असो, वेदीच्या सेवेसाठी आशीर्वादित झालेली वस्तू शस्त्राच्या बळावर उचलणे हा अन्यायच. हे म्हणायला मी कचरत नाही. परंतु 'आपली' हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळते. कोटाच्या आत राहत ते मुख्यतः पोर्तुगीज सरदार-दरकदार. तुमचे-माझे पूर्वज बाहेर, भाताच्या खाचरांत आणि केळीच्या वाड्यांत राबत होते. ज्या सत्तेने ती घंटा टांगली, त्याच सत्तेने याच मुलुखातील देवळे पाडली होती, आणि त्या देवळांत हात जोडणारे लोकही आपलेच पूर्वज. मग कोणाचे कोणी काय परत मागायचे? शिवाय घंटेचे काम माणसांना हाक मारण्याचे. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती नाशिकच्या माणसांना पुराची कल्पना देत आली आहे. तिला तेथून उतरवून आपल्या आवारात काचेच्या पेटीत ठेवली, तर हाक मारण्याचे काम ती करील काय? इतका विचार केल्यावरही त्या मुलाच्या मनातली टोचणी खोटी ठरत नाही. उलट मला वाटते, त्या दिवशी घंटा खऱ्या अर्थाने पाहिली ती त्यानेच. कारण त्याला ती पाहून काहीतरी देणे-घेणे लागू झाले. आणि त्याच्या धर्मगुरूने त्याला घड्याळ दाखवले. बसमध्ये त्या विषयावर बोलणे झालेच नाही.

दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आलो. वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या. आमच्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. "आजी, तुम्ही खालीच बसा, बसमध्ये सावली आहे," असे सांगून मी इतरांना घेऊन वर गेलो.

दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख मला दाखवायचा होता. हा क्षत्रप नहपानाचा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने आपल्या दानधर्माची नोंद येथे कोरून ठेवली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे आपले सोपारे, येथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी, तळी व उद्याने केली. दमण, तापी, दाहनुका अशा नद्यांवर प्रवाशांसाठी फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर पाणपोया घातल्या. वसईहून आलेल्या माणसाला नाशिकच्या खडकात आपल्या शेजारच्या गावाचे नाव सापडावे, याचा मला विलक्षण आनंद झाला. प्रवाशाची काळजी घेणे हे पुण्य आहे, हा विचार ख्रिस्तसभेचे पाऊल या किनाऱ्यावर पडण्याच्या कितीतरी आधीपासून येथे रुजलेला होता, असे मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. पंधरा-वीस जणांनी ऐकले. बाकीचे माकडांकडे पाहत होते. (संत ऑगस्टीन यांनी त्यांना समजून घेतले असते.)

खाली आलो तो आजी बसच्या दाराशी पायरीवर बसलेल्या. मुलांना त्या आत सोडीत नव्हत्या. ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला बाजूला नेले.

"फादर, रागावू नका. पोरगा झोपलाय. काल रात्री दोनला शिर्डीहून भाडे घेऊन आला आणि साडेतीनला आपल्या दारात उभा. आठ दिवस घरी गेला नाही. त्याला जरा निजू द्या."

पोरगा म्हणजे आमचा ड्रायव्हर. मागच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन तो निपचित पडला होता. पहाटे कसाऱ्याचा घाट त्याने चढला तेव्हा बावन्न जीव त्याच्या हातात होते आणि आम्ही जपमाळ म्हणत होतो. सायंकाळी तोच घाट त्याला उतरायचा होता. बस ठरवताना तीन ठिकाणी भाव विचारून सर्वांत स्वस्त ती मी निवडली होती. स्वस्त का, हे विचारले नव्हते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाचे साधारण प्रमाण दिवसाला आठ तास ठरवले होते, हे मी नंतर वाचले. पहाटे साडेतीन ते रात्री दहा ही माझी आखणी त्याच्या आधीच्या शिर्डीच्या फेरीशिवायसुद्धा त्यात बसत नव्हती. मालकाने त्याला न झोपता पाठवले हा मालकाचा दोष खरा. परंतु तसे पाठवल्यावाचून जमूच नये असा दिवस आखला होता मी.

आणखी दोन स्थळे राहिली होती, एक द्राक्षमळा आणि एक कारंज्याची बाग. मी ती रद्द केली आणि ड्रायव्हरला तीन तास झोपू द्यावे असे ठरवले. मुलांना शेजारच्या फाळके स्मारकाच्या बागेत सोडले. बहुतेकांनी समजून घेतले, सर्वांनी नव्हे. एका गृहस्थांनी स्पष्टच विचारले, "फादर, पैसे अकरा स्थळांचे घेतलेत ना?" अनेकांना त्यांचा राग आला. मला आला नाही. व्यवहारातील न्याय असेच सांगतो की कबूल केले ते द्यावे. त्या गृहस्थांच्या धाकट्या मुलीला कारंजी दाखवण्याचे वचन मी दिले होते आणि ते मोडत होतो. एका माणसाच्या झोपेसाठी दुसऱ्याचे वचन मोडणे योग्य आहे, हे मी आजही म्हणेन. परंतु ज्याचे वचन मोडले त्याला तक्रारीचा हक्कच नाही, असे म्हणणार नाही. पुढच्या रविवारी मी त्यांचे काही पैसे परत केले. त्यांनी ते घेतले. घ्यायलाच हवे होते.

त्या तीन तासांत आजी बसच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांनी घंटा नीट पाहिली नव्हती, लेणी तर मुळीच नाहीत. अशोकाच्या यादीतील एकही वास्तू त्यांना भेटली नाही, असे गमतीने म्हणता येईल, कारण त्या यादीत वास्तू नव्हतीच. उषवदाताचे नावाडी कोण होते, त्यांना कोणी झोपू दिले की नाही, हे त्या लेखात नाही. ते मी विचारावे असे मला वर लेण्यात सुचलेही नव्हते.

आम्ही सातला निघालो आणि रात्री पावणेबाराला चर्चसमोर उतरलो.

यंदा फलकावर पुन्हा कागद लागला आहे. स्थळे दोन, ड्रायव्हर दोन, वर्गणी दीडपट. आजवर एकोणीस नावे आली आहेत. निदान पस्तीस हवीत, नाहीतर बस परवडत नाही. पहिले नाव त्या तरुणाचे आहे. त्याने नारोशंकराच्या घंटेजवळ अर्धा तास मागितला आहे आणि मी तो लिहून दिला आहे. आजी येणार नाहीत, गुडघे आता बसच्या पायऱ्याही चढू देत नाहीत. परंतु मिस्सेनंतर त्यांनी मला थांबवून विचारले, "ड्रायव्हर तोच आहे का?" मी मालकाला फोन केला. तो मुलगा काम सोडून गेल्याला वर्ष झाले, असे कळले. कुठे गेला, ते त्यांना ठाऊक नव्हते.