सेकंदाचा भाडेपट्टा

गावठाण सोडले, तर नवी मुंबईतल्या सानपाड्यात स्वतःचे म्हणून घेतलेले घरही सहसा भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे असते. जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची, मुदत बहुधा ६० वर्षांची. तुर्भे, महापे, रबाळेच्या औद्योगिक पट्ट्यात हीच मुदत ९५ वर्षांची आणि जमीन राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची. एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. आत अखंड वीज, जनरेटर, यंत्रे थंड ठेवणारी हवा. जमीन पिढ्यांच्या हिशोबाने घ्यायची आणि तिच्यावरची संगणनशक्ती सेकंदांच्या हिशोबाने द्यायची, या व्यवहाराने मला अनेक दिवस विचारात पाडले आहे.

संगणक वाटून वापरण्याची कल्पना जुनी आहे. १९६१ साली जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीच्या शताब्दी समारंभात म्हटले होते की, टेलिफोनसारखे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. आपल्याकडे १९६४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. बाहेरच्या संस्थांचे संशोधकही पंच केलेली कार्डे घेऊन तिथे येत. यंत्र एकच, त्यामुळे वेळ वाटून घ्यावा लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे.

ती रांग आज उरलेली नाही. ॲमेझॉनने २००६ च्या ऑगस्टमध्ये तासाला दहा सेंट दराने यंत्र भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यांचा मुंबई विभाग, म्हणजे इथल्या डेटा सेंटरचा गट, जून २०१६ मध्ये सुरू झाला, गूगलचा पुढच्या वर्षी. सानपाड्यातल्या खोलीत बसलेला विद्यार्थी आता पडद्यावर विभागांच्या यादीतून मुंबई निवडतो. किती प्रोसेसर, किती मेमरी, केवढी डिस्क, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम हे ठरवतो. एक चावीची फाइल उतरवून घेतो. ती हरवली तर पुन्हा मिळत नाही. मिनिटाभरात यंत्र हजर. खरे तर तो एका मोठ्या सर्व्हरचा सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला तुकडा असतो. शेजारच्या तुकड्यात कोण राहते, हे दोघांनाही कळत नाही.

इथवर सगळे सुखाचे आहे, आणि या सुखाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ज्याच्या घरी सर्व्हर घेण्याची ऐपत नाही, त्याला संध्याकाळपुरते सोळा प्रोसेसरचे यंत्र मिळावे, ही लहान गोष्ट नाही. पण मालकीच्या वस्तूकडे दुर्लक्ष झाले, तर ती फार तर धूळ खात पडते. भाड्याच्या यंत्राकडे दुर्लक्ष झाले, तर बिल वाढते. ऑक्टोबर २०१७ पासून ॲमेझॉन लिनक्स यंत्रांचे भाडे सेकंदावर मोजते, किमान आकारणी एका मिनिटाची. यंत्र थांबवले की प्रोसेसरचे भाडे थांबते. डिस्कचे थांबत नाही, कारण त्यावरची माहिती तिथेच जागा अडवून असते. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाचे भाडे लागते. म्हणजे थांबवणे आणि सोडून देणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

सोडून जाणे तर त्याहून अवघड. माहिती आत नेताना सहसा पैसे पडत नाहीत, पण मर्यादेपलीकडे बाहेर काढताना पडतात. करार करताना जाण्याच्या अटी नीट वाचाव्यात, हे या भूमीला वेगळे सांगायला नको. सिडकोसाठी गेलेल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मागताना जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे पाच जणांचे प्राण गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचे ते आंदोलन जमिनीचे होते. त्याचे दुःख संगणकाच्या बिलाशी तोलण्यासारखे नाही. तरी काय हातचे जाते आणि परत काय मिळते, हा प्रश्न आपण तिथूनच विचारायला शिकलो.

म्हणूनच महाविद्यालयांत भाड्याच्या संगणनाचा विषय शिकवताना यंत्र सुरू करायच्या आधी बिलाचे पान उघडावे, असे मला वाटते. विद्यार्थ्याने बजेटची मर्यादा ठरवावी, ती ओलांडली की ईमेल येईल अशी सूचना लावावी, मगच पहिले यंत्र चालू करावे. ती सूचना फक्त कळवते, यंत्र आपोआप बंद करत नाही, हेही त्याच तासाला सांगावे.