जुने सोडले म्हणजे काय सोडले?



बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्यास, "तू जुने काय सोडलेस?" असे विचारले, तर तो बहुधा देव्हारा, ताईत, नवस व जत्रा यांची नावे घेतो. हे उत्तर खरे आहे. परंतु ते पुरे आहे काय?

सन 1843 मध्ये मुंबईस स्कॉटिश मिशनात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी लोकांकडे राहिला होता. बापाने कोर्टात दाद मागितली व कोर्टाने मुलास त्याच्या स्वाधीन केले. तथापि एवढ्याने तंटा मिटला नाही. मुलगा ख्रिस्ती लोकांत राहून जेवला होता. तेव्हा त्यास जातीत घ्यावे कसे? बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेऊन त्याची शुद्धी करविली, तरी कर्मठ मंडळींनी मोठा विरोध केला. यावरून जातीचे मूळ कोठे आहे हे दिसते. मुलाच्या मनात काय आहे, यापेक्षा त्याच्या पोटात कोणाच्या हातचे अन्न गेले, यालाच महत्त्व होते.

थोरला भाऊ नारायण पुढे जालन्याकडे गेला. ज्यांस गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्या मांग बांधवांत त्याने सेवा केली व बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. बेथेल म्हणजे देवाचे घर. जानवे एका क्षणात उतरते. "मी वरचा" ही भावना उतरावयास जन्म जातो.

ही परीक्षा केवळ आपल्या देशातली नव्हे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस जेवत असे. पण यरुशलेमेकडील माणसे येताच तो भिऊन बाजूला झाला. तेव्हा पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. प्रेषिताचाही पाय पंक्तीतच घसरला, मग आपण किती जपावे!

याचा अर्थ जुने ते सर्व टाकावे, असा नाही. सन 1895 मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी अभंग व कीर्तन टाकले नाही. उलट ते प्रभूच्या चरणी वाहिले. जे प्रीतीस आडवे येते ते सोडावे. जे तिच्या कामी येते ते राखावे.

आता आपल्या घरात पाहू. लग्न जुळविताना आपल्यापैकी कित्येक अजून मूळ जात विचारतात. कोणी म्हणेल, "हा गर्व नव्हे; मुलीस परके वाटू नये, एवढीच काळजी." ही काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. आईबापांनी मुलाचा विश्वास, वर्तणूक, व्यसन व उद्योग यांची अवश्य चौकशी करावी. परंतु हे सर्व पसंत पडल्यावर केवळ जुन्या जातीचे नाव ऐकून बोलणे मोडले, तर ती काळजी नव्हती. देव्हारा घराबाहेर गेला, पण मूर्ती मनात राहिली.

उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न प्रथम आपल्यास आहे. व्यासपीठावरून मांडलेला धडा मंडळी ऐकते. पण उपदेशक कोणाच्या घरी जेवतो व सोयरीक कोठे करतो, हे ती पाहते. आपल्या मंडळीत असे एखादे घर आहे काय, ज्याच्या चुलीवरचे अन्न आपण अद्याप चाखले नाही? असल्यास पुढल्या रविवारी उपासनेनंतर तेथे जावे व पाटावर बसावे.