पडद्यावरचा मेघ

सावर्ड्यास सह्याद्रि कला महाविद्यालय असल्यामुळे रंगविलेल्या ढगाचे इथे कोणास नवल नाही. पण संगणकावर विमान उडविण्याचा खेळ असतो, त्यातले ढग पाहून आम्ही घटकाभर थक्क झालो. बाहेर आषाढाचे आभाळ, आत पडद्यावरही तसेच! भिजवीत नाही तो खोटा, असे म्हणून मोकळे होता येईल. पण ते फार सोपे झाले.

त्याची घडण तरी ऐका. पडद्याच्या एकेका ठिपक्यातून दृष्टीचा किरण सोडतात. तो पावलापावलाने ढगात शिरतो, आणि दर पावलाला प्रकाश किती अडला, किती विखुरला, याचा हिशेब होतो. सेकंदाला तीस-साठ वेळा! ढगाची कड उजळविण्यास जे गणित वापरतात, ते हेन्यी व ग्रीनस्टाइन यांनी १९४१ साली ताऱ्यांमधल्या धुळीसाठी मांडले होते. इतका खऱ्याचा अभ्यास करून रचलेल्यास आम्ही तरी फसवणूक म्हणणार नाही.

खटकते ते निराळेच. यंत्र नजरेच्या टप्प्यातलाच ढग काढते. पाठ फिरविली की तिकडचे काम बंद. हिशेब वाचतो ना! सह्याद्रीवरचा मेघ मात्र कोणी पाहो न पाहो, बरसतो.

आणि आम्ही? वारीत चारचौघांदेखत पाणी वाटणारे. परवा रात्री एस्‌टी चुकलेला एकजण आमच्या वळचणीला भिजत उभा होता. पाहणारे कोणी नव्हते. आम्ही दिवा मालवून निजलो.