चांगली तं दिसतेस

"काय झालं बाप्पा तुले? चांगली तं दिसतेस!" खामगावात गेली नऊ वर्षं हे ऐकते आहे. फळ्यावर लिहिताना खांद्यापासून मनगटापर्यंत आग उठते, सकाळी पलंग सोडायला पाऊण तास लागतो, आणि रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. अकोल्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: फायब्रोमायल्जिया. यात वेदनेचा आवाज मेंदूच वाढवून ऐकतो. १९९० च्या निकषांप्रमाणे अंगावरच्या १८ जागा दाबून बघत, ११ दुखल्या की आजार पक्का. २०१० मध्ये तेही मागे पडलं. आता मी सांगते तोच पुरावा. माझ्या शब्दाला एवढं वजन घरीदारी कुठेच नाही.

सासूबाई घाटावरच्या. त्यांनी मला पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेलं. होळीला तिथे नारळांची रास पेटते; हिंदू काय, मुसलमान काय, सगळे आपलं 'बाहेरचं' जाळायला येतात. मीही पाच नारळ ओवाळून टाकले. धुराने डोळे चुरचुरले, एवढंच.

मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "मागल्या जन्माचं असते ते. फेडाच लागते." मला हे पटत नाही; देव मानते, पण मास्तरीण आहे. मुलाचा एक गुण कापला तरी चूक कुठली, ते वहीत लाल शाईने दाखवावं लागतं. इथे नुसतेच गुण कापलेले.

"थोडं अध्यात्माकडे वळा," असंही कुणी म्हणालं. वळले. ईश्वरकृष्णांची सांख्यकारिका सुरूच होते ती तीन दुःखांपासून. ग्रह-भुतांमुळे होतं ते आधिदैविक, म्हणजे सासूबाईंचं निदान. माणसं, जनावरं देतात ते आधिभौतिक. आणि आपल्याच देहात, मनात उठतं ते, टीकाकार सांगतात, आध्यात्मिक! म्हणजे वळायची गरजच नव्हती; रोज सकाळी पाऊण तास मी तिथेच तर असते. पाप कोणाचं, हा प्रश्न या वाटणीत येत नाही. फक्त दुःख कुठून येतं, एवढंच ती विचारते.

गजानन महाराजांची मक्याच्या मळ्यातली गोष्ट आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. कणसं भाजताना मोहोळ उठलं, महाराज जागचे हलले नाहीत, अंगभर काटे रुतले. बंकटलालने ते काढायला सोनार बोलावला. महाराजांनी श्वास कोंडला आणि काटे आपसूक वर आले. पारायणात सगळे त्या श्वासापाशी हात जोडतात. मी सोनारापाशी अडते. काटे दिसले म्हणून तर चिमटा आला.

गेल्या गुरुवारी शेगावला दर्शनाच्या रांगेत मी खाली बसले. मागच्या आजींनी विचारलं, "गुडघे दुखतेत का बाई?" मी गुडघ्यावर हात ठेवून हो म्हटलं. त्यांनी लगेच सरकून जागा दिली, पिशवीतून तेलाची बाटली काढली. देवाच्या दारातलं हे खोटं तिन्हींपैकी कुठे बसवायचं, ते अजून ठरलेलं नाही. तेल लावलं मात्र, गुडघ्यालाच.