आधी कळस, मग पाया

सांगली जिल्ह्यातील कडेगाव येथे मोहरमात जे गगनचुंबी ताबूत उभे राहतात, आणि ज्यांच्यापैकी कित्येकांचा मान हिंदू घराण्यांकडे चालत आला आहे, त्यांच्या बांधणीची रीत सर्वश्रुत आहे: आधी कळस, मग पाया. बांबूच्या कामट्यांचा माथा प्रथम सिद्ध होतो आणि खालचे मजले मागाहून त्याच्या आधाराला येतात. चैतन्याचा विचारही याच क्रमाने करावा, असे माझे निश्चित मत आहे.

जडातही जाणिवेचा अंश आहे, हा सिद्धान्त आपल्याला परका नाही. पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू यांनाच काया मानून राहणारे, केवळ स्पर्श जाणणारे एकेंद्रिय जीव जैन दर्शनाने फार पूर्वीच कबूल केले. परंतु कणाकणाला जाणीव बहाल केल्यावर, या अगणित क्षुद्र जाणिवांतून तुमचेआमचे एकसंध मन कसे घडते, याचा जाब द्यावाच लागतो. विल्यम जेम्स याने १८९० मध्ये ही अडचण नेमकी मांडली: एका वाक्यातले बारा शब्द बारा माणसांना वाटून दिले आणि त्यांना कितीही दाटीने उभे केले, तरी संपूर्ण वाक्य त्यांच्यापैकी कोणालाच कळणार नाही. या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोठेही आढळलेले नाही.

ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानवादाचे खंडन करून विश्वाला एकाच चैतन्याचा विलास म्हटले, तेथे बेरजेचा हा मामलाच उद्भवत नाही. उलट प्रश्न मात्र उभा राहतो: चैतन्य एक, तर माझी दाढदुखी शेजाऱ्याला का जाणवत नाही? प्रश्न खरा आहे. पण तो मला कमी दुस्तर वाटतो. वाचनात गढलेल्या माणसाला रस्त्यावरून जाणाऱ्या बैलांची घुंगरे थांबल्यावरच कळते की ती इतका वेळ वाजत होती. एकाच मनात एवढे अंतर पडू शकते, याचा दाखला प्रत्येकापाशी आहे. दोन मने मिळून तिसरे झाल्याचा अनुभव मात्र कोणाच्याच गाठी नाही.

ज्या वाचकाला हा पक्ष स्वतः पारखून घ्यावयाचा असेल, त्याने ‘चांगदेवपासष्टी’पासून आरंभ करावा. ओव्या अवघ्या पासष्ट आहेत, आणि द्रष्टा, दृश्य व दर्शन या त्रिपुटीचा विचार त्यांत आला आहे.