शिक्का, बातमी आणि मधला माणूस

“गोपनीय म्हणून शिक्का मारलेला कागद छापायचा का? नाही छापायचा. यात बोलण्यासारखं काय आहे?” काकांनी एका दमात निकाल दिला.

काका सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि आता माकणीला शेती बघतात. मी धाराशिवच्या एका दैनिकात बातम्या लिहिते. आमचा हा वाद जुना आहे.

“शिक्का मारतो कोण, काका?”

“ज्याला अधिकार असतो तो.”

“आणि त्यानं स्वतःची चूक झाकायला मारला असेल तर?”

काकांनी थेट उत्तर दिलं नाही. “मुंबईवर हल्ला झाला ते आठव. २००८. नरिमन हाउसवर कमांडो उतरत होते आणि तुमचे कॅमेरे ते जगाला दाखवत होते. पलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही बघून आतल्यांना फोनवर सांगत होते. तिथं तर कागदही नव्हता आणि शिक्काही नव्हता.”

हे मी खोडणार नव्हते. त्या हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वाहिन्यांना याच कारणासाठी कडक शब्दांत सुनावलं होतं.

“पण मग स्कॉर्पीनचं काय?” मी विचारलं. माझगाव डॉकमध्ये तेव्हा बांधल्या जात असलेल्या त्या पाणबुड्यांची २२,४०० पानं फुटल्याची बातमी ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकानं ऑगस्ट २०१६ मध्ये दिली. नाजूक मजकूर काळा करून काही पानं दाखवलीही. पाणबुडीचा आराखडा करणाऱ्या फ्रेंच कंपनीनं काही दिवसांतच ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयातून पुढच्या छपाईवर बंदी आणली.

“बरोबर केलं,” काका म्हणाले. “पाण्याखाली पाणबुडीचा आवाज किती, हे शत्रूला कळलं म्हणजे आतली पोरं गेलीच की.”

“पण पानं त्या दैनिकानं फोडली नव्हती. ती आधीच बाहेर हिंडत होती. दैनिकानं सांगितलं नसतं तर आपल्या नौदलाला ते कधी कळलं असतं?”

“आकडे झाकले, तेवढं शहाणपण केलं म्हणायचं.” काका एक पाऊल मागे आले. मला ते पाऊल हवंच होतं, कारण पुढं राफेल विमानांचा सौदा होता.

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘द हिंदू’नं संरक्षण मंत्रालयातली टिपणं छापली. विमान किती उंच उडतं, काय वाहून नेतं, याचा त्यात विषय नव्हता. सौद्याच्या वाटाघाटी मंत्रालयाचं पथक करत असताना पंतप्रधान कार्यालय समांतर बोलणी करतंय, अशी मंत्रालयातूनच घेतलेली हरकत त्यात होती. कागद चोरीला गेलेत, असं महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, आणि दोन दिवसांनी ‘चोरी नव्हे, छायाप्रती’ असा खुलासा केला. १० एप्रिलला तीन न्यायाधीशांनी ते कागद विचारात घ्यायचं ठरवलं. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात असं छापणं रोखण्याची तरतूद नाही, असं सांगताना त्यांनी अमेरिकेतल्या १९७१ च्या पेंटागॉन कागदपत्रांच्या निकालाचाही दाखला दिला. पुढं नोव्हेंबरमध्ये त्या सौद्याबद्दलच्या फेरविचाराच्या याचिका मात्र फेटाळल्या गेल्या.

“म्हणजे आरोप टिकलाच नाही,” काका म्हणाले.

“नाही टिकला. पण आरोप टिकेल याची हमी आधी द्या आणि मगच छापा, असं म्हटलं तर काहीच छापून येणार नाही. लोकांनी कागद बघावा, न्यायालयानं तपासावा आणि काय ते ठरावं. मला हीच रीत बरोबर वाटते.”

काका विरोध करतील असं वाटलं होतं. पण ते भूकंपावर बोलायला लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हा सगळा मुलूख कोसळला, तेव्हा ते सीमेवर होते. “सास्तूरला, किल्लारीला आमचेच फौजी ढिगारे उपसत होते, आणि मी तिकडं रेडिओला कान लावून. पलटणीत माकणीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बातमीवाल्यांचं मोल मला नको शिकवू, पोरी. माझं भांडण वेगळं आहे. मला देवळालीचं सांग.”

२०१७ च्या फेब्रुवारीत ‘द क्विंट’च्या पत्रकार पूनम अग्रवाल यांनी नाशिकजवळच्या देवळाली छावणीत छुप्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं. साहेबांची कुत्री फिरवायची, मुलांना शाळेत पोचवायचं, हे सहायक जवानांचं रोजचं काम त्यात दिसलं. चेहरे झाकले होते, असं त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत त्यात बोललेला एक जवान छावणीतल्या पडक्या बराकीत मृतावस्थेत सापडला. पत्रकारावर शासकीय गुपिते कायद्याखाली आणि आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ च्या एप्रिलमध्ये तो रद्द केला.

“त्यात गुपित कसलं होतं, काका? तोफ नाही, नकाशा नाही.”

“गुपित कसलं! सगळ्या पलटणीला माहीत असतं. पत्रकार बाई सुटली, ठीकच झालं. पण त्या पोराला कुणी विचारलं होतं का?”

मी गप्प झाले. कॅमेरा छुपा होता, यातच उत्तर आलं.

पेंटागॉनची सात हजार पानं फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्गला तुरुंग समोर दिसत होता. त्यानं तो धोका स्वतःहून पत्करला. देवळालीच्या जवानानं काहीच पत्करलं नव्हतं. वर्तमानपत्राशी बोलायला सैन्याचे नियम त्याला मनाई करतात, म्हणून त्याची तक्रार छुप्या कॅमेऱ्यातून बाहेर आली. ती बाहेर काढणाऱ्यांनी त्याच्यापुढं निवड ठेवली नाही. सरकार शिक्का बघतं, आम्ही बातमी बघतो. ज्याच्या जिवावर दोन्ही चालतं, त्याचं मत कुणीच घेत नाही. छापण्याच्या हक्कासाठी मी भांडेन, पण हा हिशेब चुकता न करता भांडणं मला लबाडीचं वाटतं.

“उद्या असा एखादा पोरगा तुझ्याकडं आला तर?” काकांनी विचारलं.

“आधी त्याला सांगेन, काय काय होऊ शकतं ते. तो नको म्हणाला तर त्याचा शब्द वापरणार नाही. कागद असला तर कागदावरून छापेन, त्याला मध्ये न आणता.”

“कागद कुणी दिला, हे शोधणं अवघड नसतं फौजेत.”

“मग दुसरीकडून खातरजमा होईपर्यंत थांबेन.”

“आणि पोलिसांनी नाव विचारलं तर?”

“नाही सांगणार.”

“कायद्यात तशी सवलत आहे?”

“प्रेस कौन्सिलसमोर आहे, १९७८ च्या कायद्यानं. कोर्टात नाही.”

“म्हणजे आत जावं लागेल.”

“लागू शकतं.”

“तेही त्या पोराला आधीच सांग,” काका म्हणाले. “आणि घरी तुझ्या आईला.”